फुलाआधी मूळ : ऑर्किडच्या खरेदीची दोनशे वर्षे



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी विचारलं, की आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं ऑर्किडचं रोप कसं निवडावं यावर काय बोलायचं? त्यांच्यासाठी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. 'ऑर्किस' हे नाव ज्यांच्या ग्रंथात आपल्याला भेटतं ते थिओफ्रास्टस हे अ‍ॅरिस्टॉटलचे शिष्य, आणि गुरूंच्या पश्चात त्यांची शाळा चालवणारे तत्त्वज्ञ. तेव्हा मी काही परक्याच्या वावरात शिरलेलो नाही.

ऑर्किस म्हणजे वृषण. ग्रीसमध्ये जमिनीत उगवणाऱ्या या वनस्पतीला खाली दोन कंद असतात, एक भरीव आणि एक सुरकुतलेला. लोकांनी त्या आकारावरून नाव दिलं आणि कामोत्तेजक औषध म्हणून ते कंद खाल्लेही. खरा प्रकार साधा आहे. सुरकुतलेला कंद यंदाचा. त्याची शिदोरी फुलापानांत खर्च होते आहे. भरीव कंद पुढच्या वर्षासाठी साठवण करतो आहे. आपल्या सह्याद्रीच्या सड्यांवर पावसाच्या सुरुवातीला आषाढ आमरी फुलते, तिचाही हिशेब असाच जमिनीखाली चाललेला असतो. लक्षात घ्या, या कुळाला युरोपात नाव मिळालं ते फुलावरून नाही, तर मातीखालच्या भागावरून. आणि आज रोपवाटिकेत गेलेला माणूस पाहतो ते फक्त फूल.

मला आज एवढंच मांडायचं आहे. ज्यांनी सुरुवातीला ऑर्किड विकत घेतली त्यांना फूल दिसतच नव्हतं. त्यामुळे त्यांना रोप वाचायला शिकावं लागलं. आपल्याला फूल दिसतं, म्हणून आपण ती विद्या विसरलो.

सुरुवात करू १८१८ पासून. लंडनजवळच्या बार्नेट इथे विल्यम कॅटली नावाचे एक व्यापारी होते. त्यांना दूरदेशीची रोपं जमवायचा नाद. ब्राझीलहून आलेल्या एका जाड पानांच्या रोपाला त्यांच्या काचघरात त्या वर्षी जांभळट, तळहाताएवढं फूल आलं. जॉन लिंडली या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला कॅटलींचंच नाव दिलं, कॅटलिया. ही रोपं दुसऱ्या झाडांच्या खोक्यात भरताड म्हणून आली होती आणि योगायोगानं रुजली, अशी एक कथा तुम्ही पुष्कळ ठिकाणी वाचाल. कथा रंजक आहे, पण खरी नाही. विल्यम स्वेन्सन यांनी ती मुद्दाम गोळा करून पाठवली होती. दंतकथा टिकतात, कारण त्या खऱ्या घटनेपेक्षा सुटसुटीत असतात.

त्या एका फुलानं इंग्लंडमधल्या धनिकांना वेड लावलं. पण आणलेली रोपं मरत होती. शेकड्यांनी, मग हजारांनी. इंग्लंड म्हणजे उष्ण प्रदेशातल्या ऑर्किडचं कबरस्तान, असं तिथलीच जाणती माणसं म्हणू लागली. कशामुळे? तर ही उष्ण कटिबंधातली, म्हणजे तिला ऊन नको, उकाडा हवा, दमटपणा हवा, अशी समजूत. बंद काचघर, खाली शेगडीची धग, वर वाफ, आणि कुंडीत घट्ट दाबलेली माती. स्वतः लिंडलींनीही १८३० च्या सुमारास दाट सावली, भरपूर उष्णता आणि भरपूर ओल असाच सल्ला दिला होता. सल्ला देणारा विद्वान, पाळणारे आज्ञाधारक, आणि रोपं कुजत होती.

इथे मला थोडं आपल्याकडे यायचं आहे, कारण चुकीच्या मुळाशी एक शब्द आहे आणि तो शब्द आपला आहे. 'वॅण्डा' हे ऑर्किडच्या एका मोठ्या प्रजातीचं नाव संस्कृत 'वन्दा'वरून घेतलेलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्यात विल्यम जोन्स यांनी ते वनस्पतिशास्त्रात आणलं आणि १८२० मध्ये रॉबर्ट ब्राऊन यांनी ते पक्कं केलं. आता वन्दा म्हणजे काय? अमरकोशात या शब्दाच्या पंगतीला दोन पर्याय बसले आहेत. 'वृक्षादनी', म्हणजे झाड खाणारी, आणि 'वृक्षरुहा', म्हणजे झाडावर उगवणारी. कोशकाराला दोन्ही एकच. आपल्या माळीबुवांनाही एकच. ते बांडगुळालाही बांडगूळ म्हणतात आणि ऑर्किडलाही. पण खाणं आणि उगवणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे हो! बांडगूळ झाडाच्या शिरेत तोंड खुपसून रस ओढतं. ऑर्किड झाडाच्या सालीला नुसती धरून राहते, पाऊस, दव, कुजलेला पाला यांवर जगते. मराठी विश्वकोशात अशांना अपिवनस्पती म्हटलं आहे. तिला झाड अन्नासाठी नको असतं, जागेसाठी हवं असतं.

मग तिचं मूळ कसं असेल? हवेत लोंबणारं. त्याच्यावर स्पंजासारखं आवरण असतं, व्हेलामेन. कोरडं असताना ते रुपेरी पांढरं दिसतं, पाणी पडताच हिरवं होतं. पाणी झटक्यात पितं आणि लगेच वाळतं. हे वाळणं महत्त्वाचं. असं मूळ चिखलात गाडलं तर ते गुदमरून मरणारच. ज्याला आपण परोपजीवी समजलो त्याला आपण मातीत पुरलं.

हे कोडं सोडवलं ते एखाद्या प्राध्यापकानं नाही (आमच्या जातीचा हा जुना इतिहास आहे), तर एका माळ्यानं. जोसेफ पॅक्स्टन. डेव्हनशरच्या ड्यूकच्या चॅट्सवर्थ इथल्या बागेचे प्रमुख, पुढे क्रिस्टल पॅलेस बांधणारे तेच. ड्यूकना १८३३ मध्ये फुलपाखरासारखं एक ऑर्किड पाहून नाद लागला. पॅक्स्टननी वेगवेगळ्या उष्णतेची वेगळी काचघरं केली, खिडक्या उघडल्या, हवा खेळती ठेवली, पाणी मुळांशी कोंडण्याऐवजी जमिनीवर शिंपडून ओलावा राखला. रोपं जगू लागली. आणि जगू लागली म्हणून मागणी वाढली. हा इतिहासातला उलटा न्याय आहे. मरत होती तोवर जंगलांना एक प्रकारचं संरक्षण होतं.

ड्यूकनी १८३५ मध्ये जॉन गिब्सन नावाच्या तरुण माळ्याला हिंदुस्थानात धाडलं. तो खासी टेकड्यांत, चेरापुंजीच्या परिसरात हिंडला आणि १८३७ मध्ये पेट्या भरभरून परतला. त्याच सुमारास विल्यम ग्रिफिथ यांना त्या टेकड्यांत निळी वॅण्डा सापडली. तेरा वर्षांनी, १८५० मध्ये, जोसेफ हूकर आणि थॉमस थॉमसन तिथे पोचले. हूकर म्हणजे डार्विनचे जवळचे मित्र, पुढे क्यू उद्यानाचे संचालक. त्यांनी निळ्या वॅण्डाची सात माणसांची ओझी क्यूसाठी पाठवली. जिवंत पोचली थोडीच. त्यांच्याबरोबर आलेल्या एका गृहस्थांच्या माळ्यानं एकाच माणसाचं ओझं पाठवलं, तेही वाईट अवस्थेत पोचलं, तरी त्याला ३०० पौंड आले. एकेका रोपाला ३ ते १० पौंड. सगळी जिवंत पोचली असती तर १००० पौंड मिळाले असते, असा हिशेब हूकर आपल्या प्रवासग्रंथात मांडतात. आणि हेच हूकर वडिलांना पत्रात कळवतात, की इतके गोळा करणारे इथे जमलेत की मैलोनमैल रस्त्यावर मोडलेल्या फांद्या आणि ऑर्किड वादळानं पाडल्यासारख्या पसरल्या आहेत. एका हातानं हिशेब, दुसऱ्या हातानं हळहळ. माणसाचं मन हे असं असतं. मी त्यांना दोष देत नाही, फक्त दोन्ही कागद शेजारी ठेवतो.

दक्षिण अमेरिकेत तर आणखी भयंकर. अल्बर्ट मिलिकन या संग्राहकानं १८९१ च्या आपल्या पुस्तकात कोलंबियातली हकीगत दिली आहे. सुमारे दहा हजार रोपांसाठी चार हजारांच्या आसपास झाडं तोडली. वर चढायचे कष्ट नकोत म्हणून झाडच पाडायचं!

आता हा माल विकला कसा जायचा? लंडनमध्ये कॉव्हेंट गार्डनजवळ किंग स्ट्रीटवर स्टीव्हन्स यांची लिलावाची खोली होती, चीपसाइडला प्रोथेरो अँड मॉरिस. टेबलावर काय मांडलेलं असायचं? फूल नाही. बहुधा पानही धड नाही. महिनोन्‌महिने जहाजात वाळलेले, तपकिरी, सुरकुतलेले गोळे. वर चिठ्ठी, अमुक प्रदेशातून आले. बोली लावणाऱ्यानं त्या गोळ्याकडे पाहून ठरवायचं, की हा मेलेला आहे की झोपलेला. एच. जी. वेल्स यांची १८९४ ची एक कथा या खरेदीतल्या जुगारापासूनच सुरू होते. अंदमानकडचा एक अनोळखी गोळा गृहस्थ घरी आणतो आणि पुढे त्याची हवाई मुळं त्यालाच विळखा घालतात. आमच्या शेजारच्या एका आजींना मी ती कथा सांगितली, तेव्हा त्यांनी माझ्या बाल्कनीतली लोंबणारी मुळं कापून टाकायचा आग्रह धरला होता. कापू नका. ती मुळं म्हणजे रोपाची बँकेतली शिल्लक.

तर या लिलावखोलीत बोली लावणाऱ्यांची नजर तयार झाली. तिचं सूत्र मी माझ्या शब्दांत सांगतो. रोप हा एक दस्तऐवज आहे.

हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण नवशिक्याला सगळ्यात उपयोगी तेच आहे. कॅटलिया, डेंड्रोबियम, ऑन्सिडियम यांसारख्या ऑर्किड आडव्या वाढतात. साधारणपणे दर हंगामाला एक नवा कोंब येतो, तो फुगतो, पक्का होतो, फुलतो, मग त्याच्या पायथ्यापासून पुढचा. या फुगलेल्या खोडाला बागवाले बल्ब म्हणतात. म्हणजे एका ओळीत पाच बल्ब असतील तर तुमच्यासमोर पाच हंगामांची बखर आहे. डावीकडून उजवीकडे वाचा. जुन्यापेक्षा नवा बल्ब मोठा, त्यापेक्षा पुढचा मोठा, तर रोप चढतीला आहे. उलट, मागचे टपोरे आणि पुढचे लहान लहान होत गेलेले, तर रोप उतरणीला लागलं आहे. मग त्याला आज कितीही झोकदार फूल असू दे. मागचे जुने बल्ब सुरकुतलेले असले तर बिघडत नाही, त्यांनी आपली पुंजी पुढच्या पिढीला दिली. पण सर्वांत नवा बल्ब सुरकुतलेला असेल तर मुळं गेली असं समजा. थिओफ्रास्टसच्या दोन कंदांचीच ही गोष्ट.

आणि फुलाचा एक कपटीपणा सांगतो. मरायला टेकलेलं रोपही कधी कधी भरभरून फुलतं. त्यामुळे फूल ही प्रकृतीची खूण नव्हे. ते फार तर जातीची खूण.

मग हे फूलच बाजारात पुढे कसं आलं? त्याला काचघरापेक्षा प्रयोगशाळा जबाबदार आहे. एक्सेटरच्या वेच यांच्या रोपवाटिकेत जॉन डॉमिनी यांनी केलेला संकर १८५६ मध्ये फुलला, माणसानं घडवलेली पहिली संकरित ऑर्किड. पण बी रुजवणं महाकठीण. ऑर्किडचं बी धुळीसारखं, त्यात अन्नसाठा नाहीच. फ्रान्समध्ये नोएल बर्नार यांनी १८९९ मध्ये दाखवलं, की निसर्गात एक बुरशी त्या बियांना अन्न पुरवते. १९२२ मध्ये अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या लुइस नडसन यांनी बुरशीला बाजूला सारून साखर आणि क्षार घातलेल्या आगरवर बी रुजवून दाखवलं. एका बोंडातून हजारो रोपं! आणि १९६० मध्ये जॉर्ज मोरेल यांनी कोंबाच्या टोकाचा इवलासा तुकडा वाढवून सिंबिडियमच्या हुबेहूब प्रती काढल्या. मोरेल खरं तर विषाणूमुक्त रोपं मिळवण्याच्या मागे होते. त्यातून निघाला रोपांचा छापखाना. ड्यूकची चैन भाजीबाजाराशेजारच्या दुकानात आली ती या तीन माणसांमुळे. मला हे फार आवडतं. एका अर्थानं जंगलाचं कर्ज प्रयोगशाळेनं थोडं फेडलं.

पण आता विक्री होते ती फुलाच्या तोंडावर. थायलंडमधली संकरित डेंड्रोबियम, डच पद्धतीनं वाढवलेली फॅलेनॉप्सिस, दोन्ही फुलल्यावरच दुकानात येतात. दुकानदारालाही फुलं असेपर्यंतच ती खपवायची असतात. निळं फॅलेनॉप्सिस पाहिलंत का? दांड्यात रंग टोचलेला असतो. पुढच्या वेळी तेच रोप पांढरं फुलतं. खासी टेकड्यांतल्या निळ्या वॅण्डासाठी माणसं जीव टाकत होती आणि आज आपण निळी शाई विकत घेतो.

तर दुकानात गेल्यावर काय करायचं? फुलाकडे पाहून घ्या, मन भरू द्या, आणि मग हातानं फुलं बाजूला करा. रोप बुंध्याशी धरून हलकेच हलवा. डगमगलं तर मुळांची पकड नाही. कुंडी पारदर्शक असेल तर उत्तमच. मुळं टणक, पांढरी किंवा हिरवी, टोकं ओलसर हिरवट किंवा लालसर. तपकिरी, पोकळ, आणि बोटांनी ओढल्यावर वरचं आवरण मोज्यासारखं निघून आत दोरा उरत असेल, तर ते मेलं. नाक लावा. कुजका वास लपत नाही. फॅलेनॉप्सिसच्या बुंध्याशी बहुतेकदा शेवाळाचा ओला गच्च बोळा असतो, लहानपणी त्यात वाढवलेलं असतं म्हणून. तोच पुढे घात करतो. तळाला भोक नसलेल्या शोभिवंत कुंडीतलं रोप घेतलंत तर घरी आल्यावर आधी ती कुंडी काढा.

पानांचा रंग फिकट हिरवा चांगला. गर्द काळपट हिरवं पान दिसायला छान, पण रोप अंधारात वाढलेलं असतं आणि पुन्हा फुलायला रुसतं. पान उलटून बघा. पानाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर पिठ्या ढेकूण, शिरेवर तपकिरी टिकल्या नखानं निघाल्या तर खवले कीड. फॅलेनॉप्सिसला वाढीचं टोक एकच असतं, मधोमध. तिथे पाणी साचून काळं पडलं असेल तर ते रोप फुकटही नको. आणि सगळ्या कळ्या मिटलेलं रोपही नको. जागा बदलली की कळ्या गळतात. काही उमललेल्या, काही मिटलेल्या, असं घ्यावं.

पण या सगळ्याच्या आधी एक प्रश्न विचारा: हे आलं कुठून? घाटात, यात्रेत, रस्त्याच्या कडेला कोणी 'सीतेची वेणी' म्हणून सालीसकट जुडगा पुढे करेल. त्यालाही वाचता येतं. मुळं एका बाजूनं चपटी, त्यांना झाडाच्या सालीचे तुकडे, दगडफूल, शेवाळ चिकटलेलं, पानं किड्यांनी कुरतडलेली, कुंडीचा पत्ता नाही, मुळं ओरबाडून तुटलेली. हे रानातलं रोप. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली वनस्पतींचं प्रकरण घातलं गेलं आणि निळी वॅण्डा, तांबडी वॅण्डा, स्त्रीपादुकेसारखी पॅफिओपेडिलम यांना संरक्षण मिळालं. जगभरच्या व्यापारावर साइट्स करार आहे, आणि त्यात सगळं ऑर्किड कुळच समाविष्ट आहे. पण कायदा राहू द्या. रानातलं रोप ज्या झाडावर, ज्या बुरशीबरोबर, ज्या वाऱ्यात वाढलं ते सगळं तिथेच राहतं, तुम्ही फक्त अर्धी मुळं घरी आणता. ते बहुधा वर्षा-दोन वर्षांत जातं. विक्रेता गरीब असतो, विकत घेतलं तर त्याला चार पैसे मिळतील, असं एका विद्यार्थिनीनं मला म्हटलं होतं. त्यात तथ्य आहे. पण हूकरांच्या वेळीही ओझी वाहणारी माणसं गरीबच होती, आणि ३०० पौंड त्यांच्या हाती पडले नव्हते.

आता चिठ्ठ्या घेतो.

पहिली: 'पहिलं रोप कोणतं घ्यावं?' तुम्ही राहता कुठे त्यावर आहे. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथे संकरित डेंड्रोबियम, कोवळं ऊन येणाऱ्या खिडकीत, लाकडी कोळसा आणि नारळाच्या सोडणांच्या तुकड्यांत. घरात ऊन कमी असेल तर फॅलेनॉप्सिस. कालिम्पाँगहून हौसेनं सिंबिडियम आणू नका. पानं हिरवीगार राहतील, पण त्याला फुलायला थंड रात्री लागतात, त्या मुंबईत कुठून आणणार? वेगळ्या हवेची वेगळी काचघरं पॅक्स्टननी त्यासाठीच केली होती.

दुसरी: 'लहान रोपं स्वस्त मिळतात, ती घ्यावीत का?' बाटलीतून नुकती काढलेली पिल्लं नवशिक्यानं घेऊ नयेत. फुलायला तीन, चार, कधी सहा-सात वर्षं. निदान एकदा फुलून गेलेलं, वाळका दांडा शिल्लक असलेलं रोप मागा. दुकानदार ते स्वस्तात देतो, कारण त्याच्या दृष्टीनं त्यातला माल संपलेला असतो. तुमच्यासमोर मात्र फुलाचा अडथळा नसतो. बल्ब मोजा, नव्या कोंबाचा डोळा शोधा, आणि घ्या.

तिसरी: 'घरी आणल्यावर लगेच कुंडी बदलावी का?' मुळं चांगली असतील आणि फुलं असतील तर थांबा, फुलं सरू द्या. मुळं कुजकी निघाली तर लगेच. कापायची कातरी आधी ज्योतीवर धरून तापवा, दर रोपाला नव्यानं. ऑर्किडचे विषाणू रसातून पसरतात, त्यांवर औषध नाही, आणि मोरेलच्या पद्धतीनं काढलेल्या प्रतीसुद्धा रोगट आईच्या असतील तर रोगटच निघू शकतात. नवं रोप तीन-चार आठवडे बाकीच्या कुंड्यांपासून वेगळं ठेवा, दुसऱ्या खिडकीत. दर दोन दिवसांनी पान उलटून पाहा.